ही नुसती हौस नव्हे

‘खाजगी कलासंग्रह म्हणजे श्रीमंतांची हौस’ हे तुमच्या कलासंग्रहांवरच्या लेखातलं वाक्य शारजाच्या बार्जील आर्ट फाउंडेशन या अरब कलेच्या खाजगी संग्रहाला तरी लागू होत नाही. सुलतान सऊद अल कासिमी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची निवडक चित्रं २०१८ पासून शारजा आर्ट म्युझियममध्ये दीर्घ मुदतीसाठी मांडलेली आहेत. आम्ही इथली मराठी मंडळी सुट्टीत मुलांना घेऊन ती बघायला जातो.

आणि लेखात स्त्री चित्रकारांचा साधा उल्लेखही नसावा? मांडणीत स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे हवेत, असं या संस्थेने जाहीरपणे ठरवलं. इजिप्तच्या चित्रकार इंजी अफलातून १९५९ ते १९६३ तिथले अध्यक्ष नासर यांच्या राजवटीत कैदेत होत्या आणि तिथेही त्यांनी सोबतच्या कैदी बायका रंगवल्या. त्यांच्यावर दोन ओळी तरी हव्याच होत्या.