टाळ्या बाहेरच्या, मते आतली

१७ ऑगस्ट २०२२ रोजी भारतीय जनता पक्षाने आपल्या संसदीय मंडळाची, म्हणजे पक्षाचे मोठे निर्णय घेणाऱ्या गटाची, फेररचना जाहीर केली आणि त्या अकरा जणांच्या यादीत नितीन गडकरी आणि मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान ही दोन नावे नव्हती. त्या दिवशी माझ्या फेसबुकवर जी हळहळ उमटली ती मला आजही आठवते, कारण ती जवळजवळ सगळी त्या पक्षाबाहेरच्या लोकांची होती. ज्यांनी आयुष्यात कधी कमळासमोरचे बटण दाबले नाही आणि पुढेही दाबण्याची शक्यता नाही, अशा माझ्या मित्रांनी ‘कामाच्या माणसाचे पंख छाटले’, ‘या पक्षात आता भल्या माणसाला जागा नाही’ अशा लांबलचक पोस्टी लिहिल्या, आणि त्यांच्यात मीही होतो. त्या पक्षाचे काम वर्षानुवर्षे करणारा माझा एक मित्र माझ्या पोस्टखाली एकच ओळ लिहून गेला : ‘तुला एवढे आवडतात, मग मत कुणाला दिलेस?’ मी एक स्मायली टाकून वेळ मारून नेली.

त्या प्रश्नात लोकप्रिय मध्यममार्गी नेत्याच्या सगळ्या कोंडीचे मूळ आहे, असे मला आता वाटते. त्याची लोकप्रियता खरी असते, पण ती ज्यांच्याकडे असते ते लोक निर्णय होतो त्या खोलीत बसलेले नसतात. संसदीय मंडळाच्या नेमणुका जनता करत नाही. पक्षाचा अध्यक्ष करतो. उमेदवारी, पक्षाचे पद, मुख्यमंत्रिपदासाठीचे नाव, यांतले काहीही जनमत चाचणीतल्या पसंतीवर ठरत नाही. २०२३च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात भाजपने २३०पैकी १६३ जागा जिंकल्या, तेव्हा विजयाच्या श्रेयात ‘लाडली बहना’ योजनेचे आणि पर्यायाने शिवराजसिंहांचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. मुख्यमंत्री मात्र मोहन यादव झाले, जे निवड होण्यापूर्वी काढलेल्या आमदारांच्या समूहछायाचित्रात तिसऱ्या रांगेत बसलेले होते. पुढे लोकसभेला विदिशातून शिवराजसिंह आठ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले आणि केंद्रात कृषिमंत्री झाले. म्हणजे मते त्यांच्याकडे होती, प्रश्न मतांचा नव्हताच.

मराठीत या विषयावर लिहिताना ‘मवाळ’ हा शब्द हाताशी येतो आणि लगेच अडचण करतो, कारण टिळक-गोखल्यांच्या काळापासून त्याला दुबळेपणाचा वास चिकटलेला आहे. पण १९०७ची सुरत काँग्रेस आठवून पाहावी. अधिवेशन नागपुरास व्हायचे होते ते सुरतेस हलवले कुणी? मवाळांनी. खुर्च्या आणि जोडे फेकले गेले, मंडप मोडला आणि पक्षाबाहेर कोण राहिले? टिळक आणि त्यांचे जहाल सहकारी, जे लोकांमध्ये कितीतरी अधिक प्रिय होते. त्यांना परत येण्यासाठी १९१६चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले. तेव्हा ‘पक्ष नेहमी मवाळांनाच खड्यासारखे वेगळे काढतात’ हे आपले आवडते विधान अर्धेच खरे आहे. ज्याच्या हातात संघटना असते तो दुसऱ्याला बाहेर ठेवतो. सध्याच्या काळात संघटना बहुतेक ठिकाणी जहालांच्या हातात आहे, एवढेच.

असे का होते, याचे एक स्वच्छ उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९९७ आणि २००१ अशा दोन निवडणुकांत हुजूर पक्षाचा दारुण पराभव झाल्यानंतर नव्या नेत्याची निवड होती. केनेथ क्लार्क हे माजी अर्थमंत्री, पक्षाबाहेरच्या सामान्य मतदाराला आवडणारे, पण युरोपशी जवळीक हवी म्हणणारे. खासदारांच्या अखेरच्या फेरीत क्लार्क यांना ५९, इयान डंकन स्मिथ यांना ५४ आणि मायकल पोर्टिलो यांना ५३ मते पडली. पोर्टिलो एका मताने बाद झाले. मग अखेरचा कौल पक्षाच्या सदस्यांकडे गेला आणि त्यांनी सुमारे १ लाख ५६ हजार मते डंकन स्मिथ यांना, तर सुमारे १ लाख १ हजार मते क्लार्क यांना दिली. सदस्यांना देश जिंकून देणारा नेता नको होता असे नाही, पण त्याआधी त्यांना आपल्यासारखा विचार करणारा नेता हवा होता. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००३मध्ये, एकही सार्वत्रिक निवडणूक न लढवता डंकन स्मिथ यांना त्यांच्याच खासदारांनी ९० विरुद्ध ७५ मतांनी पायउतार केले. क्लार्क २००५मध्ये पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले.

आपल्याकडे हा सगळा खेळ ज्यांच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतो ते म्हणजे अटलबिहारी वाजपेयी. १९८०मध्ये पक्ष स्थापन झाला तेव्हा ते पहिले अध्यक्ष होते आणि ‘गांधीवादी समाजवाद’ हे शब्द त्यांच्याच काळात पक्षाच्या पाटीवर आले. १९८४मध्ये पक्षाला दोन जागा मिळाल्या आणि वाजपेयी स्वतः ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून पडले. १९८६मध्ये लालकृष्ण अडवाणी अध्यक्ष झाले, १९८९च्या पालमपूरच्या ठरावाने राममंदिराची मागणी पक्षाची झाली, त्याच वर्षी जागा ८५वर गेल्या आणि १९९१मध्ये १२०वर. त्या वर्षांत वाजपेयी पक्षात होते, आदरणीय होते, सभांना गर्दी खेचत होते, पण पक्षाची दिशा दुसरेच कुणी ठरवत होते. आज जे गडकरींबद्दल लिहिले जाते तसेच काहीसे तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिले जायचे.

मग १९९५च्या नोव्हेंबरात मुंबईच्या महाअधिवेशनात खुद्द अडवाणींनी पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव जाहीर केले. याचे श्रेय अडवाणींच्या मनाच्या मोठेपणाला द्यायचे की राजकीय गणिताला, यावर वाद घालता येईल; मी दोन्हींना देतो, पण गणिताला थोडे जास्त. १९९६मध्ये १६१ जागा मिळवूनही सरकार तेरा दिवसांत पडले, कारण सोबत यायला पुरेसे कुणी तयार नव्हते. १९९८मध्ये १८२ जागा आल्या आणि बहुमतासाठी जे मित्रपक्ष लागणार होते त्यांना वाजपेयी चालत होते, बाकी अजेंडा चालत नव्हता. मध्यममार्गी नेत्याची किंमत वधारली ती त्याला शेजारच्या घरांत मान होता म्हणून, आणि पक्षाला त्या वेळी शेजाऱ्यांची गरज होती म्हणून. २०१४मध्ये २८२ आणि २०१९मध्ये ३०३ जागा स्वबळावर आल्यावर ती गरजच संपली.

(२०२४मध्ये जागा २४०वर आल्या तेव्हा माझ्यासारख्या काहींना वाटले होते की आता पुन्हा तसे दिवस येतील. ते आले नाहीत, कारण तेलुगू देसम किंवा संयुक्त जनता दल यांनी नेता कोण असावा याची अट घातलीच नाही. अडलेल्या पक्षालासुद्धा सौम्य चेहरा तेव्हाच आठवतो जेव्हा मित्रपक्ष तो मागतो.)

१९९६च्या विश्वासदर्शक ठरावावरच्या चर्चेत विरोधकांचा सूर होता की वाजपेयी चांगले आहेत, त्यांचा पक्ष वाईट आहे. त्यावर वाजपेयींनी हसत विचारले होते की मग या चांगल्या वाजपेयींचे तुम्ही करणार तरी काय? सभागृह हसले आणि आपणही आजवर तो प्रसंग विनोद म्हणून सांगतो. मला तो विनोद वाटत नाही. तुमची स्तुती मला पक्षात अडचणीत आणते आणि बदल्यात तुम्ही मला एक मतही देत नाही, ही तक्रार इतक्या सभ्यपणे क्वचितच कुणी मांडली असेल.

आणि अडवाणींचे काय झाले, तेही पाहावे. ज्यांनी १९९०मध्ये सोमनाथहून रथ काढला त्यांनी जून २००५मध्ये कराचीत जीनांच्या समाधीवरील अभिप्रायवहीत जीनांच्या ११ ऑगस्ट १९४७च्या, सर्व धर्मीयांना समान मानणाऱ्या भाषणाचा गौरव केला, आणि त्या काही ओळींनी त्यांचे अध्यक्षपद वर्ष संपण्याआधी गेले. ऑगस्ट २०१४मध्ये त्यांची रवानगी मार्गदर्शक मंडळात झाली. अडगळीच्या खोलीला इतके भारदस्त नाव मराठी नाटककारालाही सुचले नसते. बाहेरच्यांना आवडण्याची इच्छा उतारवयात धरणाऱ्याला आतले माफ करत नाहीत, मग त्याने पक्ष उभा केलेला असला तरी.

ऑस्ट्रेलियातला प्रसंग मात्र मला सर्वांत बोलका वाटतो, कारण तिथे मध्यममार्ग्यांनीच मध्यममार्गी नेत्याला पाडले. ऑगस्ट २०१८मध्ये लिबरल पक्षाच्या उजव्या गटाने पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना खाली खेचले. त्यांच्या जागी तीन उमेदवार होते : कडव्या गटाचे पीटर डटन, मधले स्कॉट मॉरिसन आणि परराष्ट्रमंत्री ज्युली बिशप, ज्या तिघांमध्ये मतदारांना सर्वाधिक पसंत होत्या. मध्यममार्गी खासदारांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरला, जो नंतर फुटला. त्याचा आशय असा की मन ज्युलीकडे ओढत असले तरी डोके वापरून पहिल्याच फेरीत मॉरिसन यांना मत द्या, नाहीतर डटन येतील. पहिल्या फेरीत डटन ३८, मॉरिसन ३६ आणि बिशप ११; पुढच्या फेरीत डटन यांना हरवून मॉरिसन पंतप्रधान झाले. आपल्याच लोकांनी डोके वापरले की अकरा मते पडतात.

यात मॉरिसन यांनी २०१९ची निवडणूक जिंकली, हेही सांगायला हवे, नाहीतर मी माझ्या सोयीची गोष्ट सांगतो आहे असे होईल. किंमत मोजावी लागली ती २०२२मध्ये. शहरांतले सुखवस्तू मतदारसंघ, जे पिढ्यान्‌पिढ्या लिबरल पक्षाचे बालेकिल्ले होते, ते एकापाठोपाठ एक अपक्ष महिला उमेदवारांनी जिंकले. त्यात टर्नबुल यांचा जुना मतदारसंघ वेन्टवर्थ होता, अर्थमंत्री जोश फ्रायडेनबर्ग यांचा कूयाँग होता आणि ज्युली बिशप यांचा कर्टिनसुद्धा होता.

आता पक्षाची बाजू, जी आम्ही बाहेरून हळहळणारे कधी ऐकून घेत नाही. पक्ष म्हणजे शेवटी सतरंज्या उचलणारी, मतदारयाद्या चाळणारी, उन्हात चिठ्ठ्या वाटणारी माणसे. त्यांनी भूमिकेसाठी शेजाऱ्याशी भांडण घेतलेले असते, घरच्यांचा रोष पत्करलेला असतो. त्यांच्या नेत्याने दूरचित्रवाणीवर येऊन ‘समोरच्याचेही बरोबर आहे’ म्हटले की स्टुडिओत त्याची वाहवा होते आणि दुसऱ्या दिवशी चौकात तोंड लपवावे लागते ते कार्यकर्त्याला. प्रामाणिकपणाचे श्रेय एकाला आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याला, हा हिशेब त्याला पटत नसेल तर मी त्याला कोता म्हणणार नाही.

मध्यममार्गी नेत्यांचा स्वतःचा दोषही लहान नाही. गटबाजी खालच्या दर्जाची मानून ते संघटनेत माणसे पेरत नाहीत. मुलाखती देतात, पुस्तके लिहितात, काम दाखवतात आणि काम बोलेल असे समजतात. ऑक्टोबर २०२२मध्ये शशी थरूर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांचीच हवा होती. मतपेट्या उघडल्यावर मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते निघाली. खर्गे यांच्यामागे श्रेष्ठींचा कल होता हे उघड गुपित होते, ते मान्य. पण ते मतदार होते प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी, आणि थरूरांचे चाहते त्यांत जवळपास नव्हतेच. लाखो अनुयायी असलेल्या माणसामागे तालुक्यातले दहा प्रतिनिधी नसतात, हे दृश्य मला करुण वाटते, पण अन्यायकारक म्हणायला माझी जीभ अडखळते.

गडकरींच्या बाबतीत एक भेद नीट करायला हवा. ते २०१४पासून सलग रस्तेबांधणीच्या खात्याचे मंत्री आहेत, २०२४मध्येही ते खाते त्यांच्याकडेच राहिले. सरकारात त्यांना कुणी अडगळीत टाकलेले नाही. पक्षाच्या निर्णयाच्या टेबलावरून त्यांची खुर्ची उचललेली आहे. काम करून घ्यायचे आणि विचारायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे, आणि उघड हकालपट्टीपेक्षा ती पक्षाला फार सोयीची असते, कारण नाराजीला धरायला टोकच सापडत नाही. नागपुरातले त्यांचे मताधिक्य २०१४मध्ये २ लाख ८४ हजार होते, २०१९मध्ये २ लाख १६ हजार झाले आणि २०२४मध्ये १ लाख ३७ हजारांवर आले. त्यांचे कौतुक करणाऱ्यांची संख्या या दहा वर्षांत घटल्याचे मला तरी जाणवलेले नाही.

मार्च २०२४मध्ये भाजपची उमेदवारांची पहिली यादी आली, तेव्हा जागावाटप व्हायचे असल्याने महाराष्ट्रातले एकही नाव त्यात नव्हते, म्हणून अर्थातच गडकरींचेही नव्हते. तेवढ्यावर उद्धव ठाकरे यांनी त्यांना महाविकास आघाडीतून लढण्याचे जाहीर निमंत्रण दिले आणि माझ्या मित्रमंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. गडकरींनी ते निमंत्रण हसण्यावारी नेले, दुसऱ्या यादीत त्यांचे नाव आले आणि विषय मिटला. त्या वेळी मी टाळी वाजवली नाही. ते निमंत्रण गडकरींसाठी नव्हतेच. ते त्यांच्या पक्षातल्या माणसांनी ऐकावे म्हणून दिलेले होते, आणि त्यांनी ते नीट ऐकले असणार.