रविवार सत्कारणी कसा लावावा

रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आपण नेमका कोणता आराम करणार आहोत, हे ज्याला शनिवारी रात्री छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याने रविवारच्या वाटेला जाऊच नये. आराम ही आता कोणीही सोम्यागोम्याने उठून करावी अशी गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी माणसे कामातून सुटली की नुसती पडून राहत आणि त्यालाच सुट्टी म्हणत. त्या अडाणी काळात आरामाला नियोजन नव्हते, उद्दिष्ट नव्हते आणि दिवस मावळल्यावर तो किती टक्के साध्य झाला हे मोजण्याचे साधनही नव्हते. आपण सुज्ञ आहात. आपल्या हाती तक्ता आहे, मनगटावर यंत्र आहे आणि मनात ‘हा रविवार वाया तर जाणार नाही ना’ ही अखंड धाकधूक आहे. एवढ्या भांडवलावर कोणताही रविवार सोमवारच्या तोडीचा करता येतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम या दिवसाची थोरवी समजून घ्यावी, म्हणजे तो मोडण्यात केवढा पराक्रम आहे हे ध्यानात येईल. रोमचा सम्राट कॉन्स्टन्टाइन याने इ.स. ३२१ च्या मार्चमध्ये फर्मान काढून न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना सूर्याच्या या दिवशी काम थांबवण्यास सांगितले. शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक ठेवली, कारण पेरणीची नेमकी वेळ रविवारी आली तर ती कोणाच्या सुट्टीसाठी खोळंबत नाही. पुढे १७९३ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी सात दिवसांचा आठवडा रद्द करून दहा दिवसांचा केला, म्हणजे विश्रांतीचा दिवस सहाऐवजी नऊ दिवसांच्या कष्टांनंतर येऊ लागला. ती दिनदर्शिका १८०६ च्या पहिल्या दिवशी गुंडाळावी लागली. मुंबईच्या गिरणी कामगारांना हीच साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली, तीही आपोआप नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांना त्यासाठी अर्ज, सभा आणि बरीच वर्षे खर्ची घालावी लागली. सोव्हिएत सरकारने तर १९२९ मध्ये यंत्रे अखंड चालावीत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला सुट्टीचा वेगळा दिवस नेमून दिला. त्यामुळे एकाच घरात नवऱ्याची सुट्टी एका दिवशी आणि बायकोची दुसऱ्या दिवशी पडू लागली. मधले प्रयोग फसत गेले आणि १९४० मध्ये रविवार पुन्हा जिथल्या तिथे आणून ठेवावा लागला. जे क्रांतीला जमले नाही आणि सरकारी हुकमाला साधले नाही, ते आपण अंथरुणातून न उठता, कोणाचीही जबरदस्ती नसताना, स्वखुशीने करून दाखवणार आहोत. याचा रास्त अभिमान बाळगून पुढे जावे.

सकाळी जाग आल्यावर झोप कशी लागली हे स्वतःला विचारू नये. त्या बाबतीत आपले मत पक्षपाती असते. मनगटावरील यंत्राला विचारावे. आपल्याला अगदी ताजेतवाने वाटत असेल आणि यंत्राने शंभरपैकी एकसष्ट गुण दिले असतील, तर ताबडतोब थकवा जाणवून घ्यावा. झोपेच्या आकड्यांमागे लागून झोप बिघडवून घेणाऱ्यांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा भारदस्त शब्द घडवला आहे, तेव्हा या मार्गावर आपण एकटे नाही याचे समाधान असू द्यावे. रविवारी उशिरापर्यंत लोळावे की नाही, हा प्रश्न नाजूक आहे. कामाच्या दिवसांतील झोपेचे वेळापत्रक आणि सुट्टीतील वेळापत्रक यांत तफावत पडली की शरीराची अवस्था दूरच्या देशातून विमानाने आल्यासारखी होते आणि तिला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात, हे आपण कोठेतरी वाचलेले असेलच. या माहितीचा उत्तम उपयोग असा, की लोळायचे तर आहेच, पण लोळताना सोमवारी सकाळी होणाऱ्या हालांचा विचार करीत लोळावे. त्यामुळे झोपही होत नाही आणि उठणेही होत नाही, आणि तक्त्यात मात्र ‘विश्रांती: दोन तास’ अशी नोंद निर्वेधपणे करता येते.

येथे एका इसमाचा उल्लेख करणे भाग आहे. बहुतेक घरांत असा एक इसम असतो; कोठे तो आजोबांच्या रूपाने असतो, कोठे मावशीच्या, तर कोठे नुकत्याच परीक्षा संपलेल्या मुलाच्या. सदर इसम रविवारी केव्हा उठला हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. उठल्यावर तो खिडकीशी बसतो आणि बाहेर पाहतो. काय पाहतोस असे विचारले तर ‘काही नाही’ असे म्हणतो. त्याची संगत टाळावी.

आता भोजन. रविवारचे भोजन हा पोटाचा विषय नसून कर्तृत्वाचा आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढचे सारे सोपे होते. आठवडाभर जो पदार्थ आपण डोळे मिटून उत्तम करतो आणि घरातील सगळे बोटे चाटून खातात, तो रविवारी करणे म्हणजे संधीचा अपमान होय. रविवारी असा पदार्थ निवडावा, की ज्यातील निम्मे जिन्नस घरात नाहीत, उरलेल्यांपैकी निम्मे ओळखता येत नाहीत आणि जो दाखवणाऱ्या चित्रफितीत वीस मिनिटांत होतो पण प्रत्यक्षात पावणेतीन तास घेतो. दरम्यान घरातील माणसे भुकेने एकेक करून स्वयंपाकघरात डोकावून जातील. त्यांच्यावर ओरडण्यास संकोच करू नये. सर्वांनी मिळून आनंदाने जेवावे यासाठीच तर आपण राबत आहोत. पदार्थ सिद्ध झाल्यावर त्याचे छायाचित्र काढावे. मागे दिसणारी भांड्यांची रास, कळकट फडके आणि कोणाचा तरी अधीर हात चौकटीबाहेर घालवून, ताट उजेडाकडे फिरवून, पुन्हा काढावे. मी स्वतः एकदा वाफाळत्या ताटाची वाफ छायाचित्रात नेमकी यावी म्हणून इतका वेळ खटपट केली, की वाफ आली तेव्हा ती ताटातून नव्हे तर घरच्यांच्या डोक्यातून येत होती. छायाचित्र मात्र चांगले आले.

जेवायला एकदाचे बसल्यावर घाई करावी. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवधीत कसलेला माणूस दुसऱ्यांदा वाढून घेऊन तेही संपवू शकतो. त्यानंतर येणाऱ्या सुस्तीचे खापर आपण जेवणावर फोडतो, तेही काहीसे अन्यायाचे आहे. दुपारची पेंग ही शरीराच्या घड्याळातच असते आणि न जेवलेल्या माणसालाही ती गाठते. म्हणजे निसर्गाने दुपारच्या झोपेची सोय आधीच करून ठेवली आहे. अशा वेळी झोपू नये. डोळे ताणून पलंगावर बसावे आणि ‘दुपारची झोप: फायदे व तोटे’ या विषयावर हाताशी येईल ते सर्व वाचून काढावे. सदर इसम याच सुमारास कालचे उरलेले काहीतरी गरम करून, उभ्याउभ्याच खाऊन मोकळा झालेला असतो, आणि त्याचे घोरणे बाहेरच्या खोलीतून ऐकू येऊ लागते.

संगीताबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते ऐकण्याचीही गरज उरलेली नाही. १९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे. ती संपली की माणसाला उठून तबकडी उलटावी लागे, आणि एवढे कष्ट घेतलेच आहेत तर ऐकावे तरी, असा विचार करून तो ऐकत असे. आता अडथळे दूर झाले आहेत. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकल्याचे मोजले जाते. जेथे हिशेब ठेवणाऱ्यानेच एवढी सूट दिली आहे तेथे आपण उगाच शेवटपर्यंत का थांबावे? तीस सेकंद होताच पुढचे लावावे. अशा रीतीने एका तासात एकशे वीसपर्यंत गाण्यांचा आस्वाद घेता येणे शक्य आहे, मात्र मध्येच एखादी सुरावट आवडू लागली तर हिशेब कोलमडतो, म्हणून मन घट्ट ठेवावे.

ग्रंथवाचन हा रविवारचा आत्मा. तो विकत मिळतो, ही आपल्या दृष्टीने मोठीच सोय आहे. पुस्तक घेणे आणि पुस्तक वाचणे या दोन क्रियांत पूर्वी काही संबंध असल्याचे जुने लोक सांगतात, पण पुस्तके आणून न वाचता रचून ठेवण्याला जपानी भाषेत ‘त्सुंदोकु’ असा स्वतंत्र शब्दच असल्याने ही आपल्या एकट्याची उणीव नसून मान्यवर परंपरा आहे, असे बेधडक म्हणता येते. तरीही वाचायचेच असा हट्ट असेल, तर आधी गणित मांडावे. इंग्रजी ललितेतर मजकूर मनातल्या मनात वाचण्याचा प्रौढ माणसाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द असल्याचे २०१९ च्या एका व्यापक आढाव्यात आढळले. पाऊण लाख शब्दांचे पुस्तक घेतले तर त्याला या वेगाने सव्वापाच तास लागतात, आणि हे मध्ये पाणी प्यायला न उठता, कोणाचा निरोप आला का हे न पाहता, एखाद्या वाक्यापाशी थांबून छताकडे न बघता. भोजनाने पावणेतीन तास आधीच गिळलेले असताना असा उधळेपणा परवडणारा नाही. त्यापेक्षा पंधरा मिनिटांत पुस्तकाचे सार सांगणारी ध्वनिफीत दीडपट वेगाने ऐकावी. दहा मिनिटांत पुस्तक उरकते. कादंबरीच्या बाबतीत तर हा मार्ग फारच सोयीचा, कारण शेवटी कोण मेले एवढे कळले की उरलेली तीनशे पाने लेखकाने नुसता वेळ काढण्यासाठी लिहिली होती हे सिद्ध होते. सरलेल्या वर्षी किती पुस्तके ‘झाली’ हे चारचौघांत सांगताना हा आकडा तीन अंकी असावा, यावर मात्र कटाक्ष ठेवावा; कोणते आवडले असे कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर सर्वांत जाड पुस्तकाचे नाव घ्यावे.

सदर इसमाच्या छातीवर या वेळी एक पुस्तक उपडे पडलेले असते. तो गेले तीन रविवार तेच पुस्तक वाचत आहे. मध्येच जागा होऊन तो चार ओळी वाचतो, स्वतःशीच हसतो आणि पुन्हा डोळे मिटतो. या गतीने त्याची वर्षाला दोन पुस्तके होतील की नाही याचीच शंका आहे.

आता उरले आत्मचिंतन. तक्त्यात त्याला संध्याकाळी सहा ते सव्वासहा अशी वेळ दिलेली असते, आणि येथेच भल्याभल्यांची फजिती होते, कारण या पंधरा मिनिटांत करण्यासारखे काहीच नसते. हा धोका जुना आहे. सांडोर फेरेन्झी या मनोविश्लेषकाने १९१९ मध्येच ‘रविवारच्या मनोविकारां’वर लिहून ठेवले आहे, आठवडाभर धडधाकट असलेल्या माणसांना नेमके सुट्टीच्या दिवशी डोके दुखणे, पोट बिघडणे, उदास वाटणे असे का होते, हा त्याचा विषय होता. कामाचा लगाम सुटला की मनात दडपलेले डोके वर काढते, असे त्याचे म्हणणे. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी माणसांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे स्वतःच्या विचारांसोबत बसवले आणि सोबतीला एक कळ ठेवली, जी दाबली असता विजेचा सौम्य पण त्रासदायक झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पदरचे पैसेही देऊ, असे याच मंडळींनी आधी सांगितले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो स्वतःच्या हाताने एकदा तरी घेतला, आणि एका गृहस्थाने तर कळ १९० वेळा दाबली. त्या गृहस्थाबद्दल मला मनापासून आपुलकी वाटते. त्याच्या मनात त्या पंधरा मिनिटांत काय आले असेल कोण जाणे, पण विजेचा झटका त्याला त्याहून सुसह्य वाटला एवढे खरे. आपल्याला इतक्या थराला जाण्याचे कारण नाही. आपल्याजवळ फोन आहे.

तेव्हा आत्मचिंतन फोनवरच करावे. त्यासाठी तयार प्रश्नावल्या मिळतात: ‘आज मला कशाबद्दल कृतज्ञ वाटले?’, ‘मी कोणता क्षण पूर्णपणे जगलो?’ वगैरे. उत्तरे सुचली नाहीत तर गेल्या रविवारची उतरवून काढावीत. सलग किती दिवस नोंद केली याचा आकडा वरच्या कोपऱ्यात दिसत असतो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो, त्यामुळे मनःशांती लाभो न लाभो, तिच्यात खंड पडत नाही. ‘मला खरोखर काय हवे आहे?’ हा प्रश्न मात्र प्रश्नावलीत आला तर सोडून द्यावा. त्याला उत्तर लिहायला दिलेली जागा अपुरी असते, आणि एकदा का तो मनात शिरला तर सात वाजता ठेवलेली सोमवारची काळजी वेळेवर सुरू होत नाही.

ही काळजी चुकवता कामा नये. काहीजण ती रात्री झोपताना करतात. तो आळस आहे. संध्याकाळी उन्हे कलली की कार्यालयाची पत्रे एकदा ‘नुसती पाहून’ घ्यावीत, उत्तरे देऊ नयेत, म्हणजे ती रात्रभर डोक्यात नीट मुरतात. रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस की शेवटचा, याबद्दल दिनदर्शिकांत मतभेद आहेत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ त्याला सातवा आणि शेवटचा मानते. आपण या वादात न पडता त्याला सोमवारचा पूर्वार्ध मानावे, म्हणजे दोन्ही पक्षांचे समाधान होते.

रात्री साडेनऊला अहवाल भरण्यास बसावे. विश्रांती दोन तास, पाककृती एक, गाणी सत्तेचाळीस, ग्रंथ एक, आत्मचिंतन पंधरा मिनिटे, काळजी यथास्थित. घरातील प्रत्येकाच्या रविवाराची नोंद असावी म्हणून सदर इसमालाही गाठावे आणि दिवसभर काय केले ते विचारावे. तो बराच वेळ आठवण्याचा प्रयत्न करील, ‘काही नाही’ असे म्हणेल, आणि भिंतीकडे कूस वळवून आपले वाक्य पुरे होण्याच्या आत झोपी जाईल. त्याच्या मनगटावर यंत्र नसल्याने ती झोप किती गुणांची आहे हे कळण्यास मार्ग नसतो. त्याच्या रकान्यात शून्य भरावे, दिवा मालवावा, आणि त्याचे घोरणे ऐकत पहाटेपर्यंत जागे राहावे.