हिरवी उलटी, हिंगाचा लेप आणि काढलेलं अपेंडिक्स

नमस्कार. तान्ह्या बाळांच्या हिरव्या उलटीवरचा माझा लेख वाचून आपण लिहिलंत, की आपल्या घरातली सगळी बाळं दूध टाकत, पोटावर हिंगाचा लेप लावून मोठी झाली आणि मी उगाच नव्या आयांना घाबरवतो आहे. शिवाय आतड्याला पडलेला पीळ सोडवताना धडधाकट अपेंडिक्स काढायचं आणि आतडी चुकीच्याच जागी ठेवून द्यायची, हे कसलं ऑपरेशन, असंही विचारलंत.

दूध टाकणाऱ्या बाळांबद्दल आपलं माझं भांडणच नाही. मी लिहिलं होतं हिरव्या उलटीबद्दल. तो रंग पित्ताचा. प्रत्येक हिरव्या उलटीमागे आतड्याचा पीळ नसतो, आणि ज्या जन्मजात दोषामुळे असा पीळ पडतो, तो काही हजारांत एखाद्याच बाळाला त्रास देतो. पण पीळ असलाच तर काही तासांत आतडं काळं पडू शकतं. सुरुवातीला पोट मऊ लागतं, साधा एक्स-रेही ठीक दिसू शकतो. हिंगाने बिघडत काही नाही, रात्र मात्र निघून जाते.

आता ऑपरेशन. गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी नाळेत शिरतात, दहाव्याच्या आसपास पोटात परततात आणि या येण्याजाण्यात आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीभोवती २७० अंश फिरतात. हे फिरणं अर्धवट राहिलं, की आतड्यांना मागच्या भिंतीशी धरणारा पाया अरुंद राहतो. मग ती देठाला लोंबणाऱ्या घोसासारखी सहज पिळली जातात आणि रक्तपुरवठा तुटतो.

राहिलेलं फिरणं पुरं करून द्यावं, असं कुणालाही वाटेल. बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ साली मांडलेली पद्धत नेमकी उलटी आहे. पीळ सोडवायचा, लहान आतड्याच्या सुरुवातीवर आवळलेले पट्टे कापायचे, पाया पसरून रुंद करायचा. मग लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे. जागा ‘चुकीची’, पण पुन्हा पीळ पडण्याची भीती बरीच कमी. मात्र अपेंडिक्स आता डावीकडे जातं. पुढे कधी ते सुजलं तर दुखणार भलत्याच जागी आणि निदान चुकणार, म्हणून ते काढतात. काही सर्जन हल्ली ठेवतातही. त्या मुद्द्यावर आपली शंका रास्त आहे.

आतडं जगेल की नाही हे कळत नसेल, तर ते लगेच कापत नाहीत. एक-दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून बघतात. ‘सर्जनला कापायची घाई’ हा आपला आरोप म्हणूनच मला पटला नाही.

आपल्या ओळखीत असं ऑपरेशन झालेलं मूल असेल, तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायला सांगा. क्वचित पुन्हा पीळ पडतो, चिकटलेल्या आतड्यांमुळे अडथळाही येऊ शकतो; तेव्हा नव्या डॉक्टरांना हे आधी कळायला हवं.