एका कानाची मैफल

"काका, मुलांना न्यायला आलात का? मग इथेच बाजूला थांबा, अजून बराच वेळ आहे," असे रॉकच्या कार्यक्रमाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाने मला अत्यंत नम्रपणे सांगितले, आणि त्याची ती नम्रताच मला अधिक झोंबली, कारण उद्धटपणा केला असता तर मला निदान भांडता तरी आले असते. मी निमूटपणे तिकीट काढून दाखवले. त्याने ते दोनदा वाचले, "एकटेच?" असे विचारले आणि माझ्या मनगटावर निळ्या शाईचा शिक्का मारला. तो शिक्का वटवाघळाचा होता असे नंतर कळले. माझ्या मनगटावर मात्र वाऱ्याने उलटी झालेली छत्री उमटली होती.

आता या मुलाला काय सांगावे, की बाबा रे, मी कोणाला न्यायला आलेलो नाही, उलट लोकांना इथे आणण्यासाठीच मी गेली कित्येक वर्षे धडपडतो आहे? आसपास येत्या महिन्यात कोणते रॉक बँड कुठे वाजवणार, त्यांतले कोणते ऐकण्यासारखे आणि कोणासाठी दुसऱ्या दिवशीची झोप पणाला लावावी याची यादी मी दर महिन्याला मित्रमंडळींसाठी तयार करतो. मित्रमंडळी तिला "वा, छान" म्हणतात आणि घरी बसतात. परवाही ती यादी घडी करून माझ्या खिशात होती, आणि त्यातल्या पहिल्या कार्यक्रमाला माझ्याशिवाय यादीचा एकही वाचक आलेला नव्हता.

तिकिटावर आठची वेळ होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी मंचावर एक तंत्रज्ञ आला आणि ध्वनिक्षेपकात "वन, टू" म्हणून गेला. दोनच्या पुढे मोजणारा तंत्रज्ञ मी आजवर पाहिलेला नाही. या खोळंब्याचे एक कारण मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनही राग कमी होत नाही. एका संध्याकाळी तीन बँड असले की ध्वनितपासणी उलट्या क्रमाने होते. शेवटी वाजवणारा मोठा बँड सर्वांत आधी तपासणी करतो आणि सर्वांत आधी वाजवणारा सर्वांत शेवटी, म्हणजे त्याचे साहित्य पुन्हा हलवावे लागत नाही. युक्ती बिनतोड आहे. पण मोठ्या बँडाचा ड्रमवाला एकाच ड्रमवर वीस मिनिटे ठकठक करत बसला की त्याची भरपाई त्या बिचाऱ्या पहिल्या बँडाच्या वाट्यातून होते, आणि त्यांच्या हाती तपासणीसाठी उरतात ती दीड मिनिटे.

मी नेहमीप्रमाणे ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. लोक मंचापाशी गर्दी करतात, पण तिथे तुम्हाला समोर ठेवलेला एकच अँप्लिफायर ऐकू येतो आणि गाणाऱ्याचा आवाज डोक्यावरून निघून जातो. सगळ्या वाद्यांचा मेळ ज्याच्या कानांनी बसवला जातो तो माणूस या टेबलामागे उभा असतो, तेव्हा त्याच्या शेजारी जे ऐकू येते तेच खरे. अर्थात सभागृह भरलेले असेल तर. माणसांची अंगे आणि कपडे आवाज शोषून घेतात, रिकाम्या सभागृहात तोच आवाज भिंतींवर आपटून परत येतो. आम्ही जमलेले तीसेक जण आपापल्या परीने शोषत होतो, पण आमची कुवत ती किती!

जागा पक्की झाल्यावर मी खिशातून कानात घालायचे दोन बोळे काढले. यात लाजण्यासारखे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे, आणि कानाच्या आतल्या ज्या केसांसारख्या पेशींमुळे आपल्याला ऐकू येते त्या एकदा मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. एसी/डीसी या रॉक बँडाचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये ऐन दौऱ्यातून बाहेर पडावे लागले ते याच पायी, कारण आणखी गायलास तर कायमचा बहिरा होशील असे डॉक्टरांनी त्याला बजावले होते. फोमचा बोळा कानात कोंबून चालत नाही. तो दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, वात आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून उभे राहायचे. या अवस्थेत माणूस फार शहाणा दिसत नाही. डावा कान झाला होता आणि उजव्या कानाचा बोळा मी वळत होतो, तेवढ्यात उजव्या बाजूने आवाज आला.

"तो मला द्या."

साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. अंगात काळा टी-शर्ट, आणि त्याच्या पाठीवर कुठल्याशा जुन्या दौऱ्यातल्या शहरांची यादी, जिच्यातली निम्मी शहरे धुण्यात गेली होती.

"काय द्या?"

"बोळा हो. तुम्हाला दोन कशाला हवेत?"

"कान दोन आहेत म्हणून."

"माझा एकच आहे," ते म्हणाले. "डावा गेला. यांच्याच पहिल्या कार्यक्रमात गेला. सात माणसं होतो आम्ही. तुम्ही नव्हता."

मी नव्हतो हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितले की मला माफी मागावीशी वाटली. आता ज्या माणसाला एकच कान उरला आहे त्याला बोळा नाकारणे माझ्याच्याने होईना. मी तो दिला. त्यांनी तो सराईतपणे वळून उजव्या कानात बसवला आणि माझ्या उघड्या कानाशी सरकून उभे राहिले. हिशेब माझ्या लक्षात यायला दोन मिनिटे लागली.

"अहो, म्हणजे आता तुम्हाला काहीच ऐकू येत नसेल!"

त्यांनी बोळा जरा बाहेर ओढला. "काय?"

"म्हटलं, आता काहीच ऐकू येत नसेल!"

"ऐकण्यासारखं राहिलंय काय?" असे म्हणून त्यांनी बोळा पुन्हा आत ढकलला.

पहिला बँड सुरू झाला आणि त्याबरोबर गृहस्थही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने ते ओरडत होते, आणि माझा डावा कान बंद असल्याने ते सगळे ओरडणे एकट्या उजव्या कानाच्या वाट्याला येत होते. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना आपले स्वतःचे वाजवणे ऐकू येईना, पण त्यासाठी ५५ हजारांवर माणसांना किंचाळावे लागले होते. इथे ते काम एका माणसाने केले. "हा बेसवाला नवीन आहे! जुना बरा होता!" "हे गाणं पूर्वी संथ होतं!" "पूर्वी यांच्याकडे चांगले अँप्लिफायर नव्हते, तेव्हा मजा होती!" जो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता त्यातले दोष ते इतक्या तपशिलाने काढत होते की मध्येच मला माझ्याच उघड्या कानाची शंका येऊ लागली.

पहिल्या कार्यक्रमाला आपण होतो असे सांगणारे लोक प्रत्येक स्थानिक संगीतवर्तुळात असतातच. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात सेक्स पिस्टल्स हा पंक रॉक बँड वाजवून गेला, तेव्हा समोर चाळीसएक माणसे होती. त्यांतला पीटर हुक दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेऊन आला आणि पुढे त्याच्या बँडाने नाव काढले, ही गोष्ट खरी आहे; पण त्या रात्री आपण तिथे होतो असे नंतर सांगणाऱ्यांना एकत्र केले असते तर सभागृहाच्या भिंती पाडाव्या लागल्या असत्या. आमच्या गृहस्थांनी मात्र सातचा आकडा धरला होता आणि तो ते वाढू देत नव्हते. त्या आकड्यातच त्यांची सगळी इस्टेट होती.

दोन बँडांच्या मधल्या वेळात माझ्या खिशातली यादी त्यांच्या दृष्टीस पडली. मी ती बाहेर काढेपर्यंत ती त्यांच्या हातात होती, आणि कुठून तरी एक पेन्सिलही आली होती.

"शुक्रवारी तीन बँड. यातला पहिला बघा असं लिहिलंय तुम्ही. पहिला कोणी बघतं का?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या बँडाला जेमतेम अर्धा तास मिळतो, श्रोते अजून दाराबाहेर असतात, तपासणी झालेली नसते, त्यामुळे त्यांना एकेक मिनिट जिवावर उदार होऊन वाजवावे लागते. त्या अर्ध्या तासात वायफळ बडबड नसते आणि लांबलचक ड्रमवादनही नसते. गृहस्थांनी बोळा काढला नव्हता. त्यांनी त्या ओळीवर काट मारली.

"पुढच्या शनिवारी, यांचा ड्रमवाला सोडून चाललाय म्हणून शेवटचा कार्यक्रम. शेवटचे कार्यक्रम मी बघत नाही. रडारड असते." काट. "हे दोघंच? बेस आणि ड्रम? गिटार नाही?"

"म्हणूनच ऐकण्यासारखं आहे. बेसचाच स्वर दोन वेगवेगळ्या अँप्लिफायरमधून सोडतात, एक खर्जासाठी, एक वरच्या करकरीत आवाजासाठी, आणि..."

"गिटारवाला मिळाला नसेल." काट. मग ते थांबले. "हा मात्र चांगला आहे."

मी वाकून पाहिले. जुन्या लोकप्रिय बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्या एका चमूचा कार्यक्रम होता, आणि "वेळ असल्यासच" असे मी त्यापुढे बारीक अक्षरात लिहिले होते.

"हा का चांगला?"

"यांना बिघडवायला स्वतःचं काही नाही," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी त्याभोवती वर्तुळ काढले.

खरे सांगायचे तर गृहस्थांवर मी फार चिडलो नाही; निदान ते तिकीट काढून आले होते. आमच्या मागे भिंतीला टेकून गप्पा मारणारा जो घोळका होता त्याची नावे दाराशी कागदावर लिहिलेली होती, तो कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने फुकट आत आला होता आणि पूर्ण कार्यक्रमभर त्याने मंचाकडे पाठ केली होती. सभागृहाचे भाडे आणि ध्वनियंत्रणेचे पैसे वळते करून काही उरले तर ते बँडाला मिळते, नाहीतर "तुम्हाला प्रसिद्धी मिळाली" असे सांगून पोरांची बोळवण होते. ही प्रसिद्धी म्हणजे आम्ही तीस जण. त्यात मुख्य बँड सव्वादहाला सुरू करायचा आणि मग कामाधंद्याची माणसे येत नाहीत म्हणून गळा काढायचा. तिकिटावर सव्वादहा छापायला शाई जास्त लागते काय? आठ म्हणजे आठ असे ज्या दिवशी कोणी करील त्या दिवशी माझ्या यादीत मी त्याला पहिला क्रमांक देईन, मग तो काहीही वाजवो.

शेवटच्या बँडाच्या चौथ्या गाण्यात गिटारवाली मुलगी एक स्वर धरून अँप्लिफायरकडे चालत गेली. अँप्लिफायरमधून येणारा आवाज तारेला हलवतो, हललेली तार तोच आवाज पुन्हा अँप्लिफायरमध्ये धाडते, आणि स्वर विझायचा सोडून फुगत जातो. सार्वजनिक सभेत ध्वनिक्षेपक शिट्टी मारतो तोच हा प्रकार, फक्त इथे तो एका हाताने काबूत ठेवलेला होता. पावलाभर मागे सरकली की स्वर बसायचा, पुढे आली की उठायचा. आणि तार तुटली. तिने मान हलवली, खाली बसली आणि नवी तार ओवू लागली. बेसवाला आणि ड्रमवाला एकमेकांकडे बघतही नव्हते. त्यांनी गाण्यातला दोनच आवर्तनांचा एक तुकडा धरला आणि तो सुमारे चार मिनिटे फिरवत ठेवला, प्रत्येक फेरीत एखादा ठोका काढून घेत, एखादा घालत, इतके की मागच्या घोळक्यातलेही दोघेतिघे वळून पाहू लागले. तार जुळली, ती उठली, आणि नेमक्या पहिल्या ठोक्यावर तिने स्वर टाकला. माझ्या एका कानाने ऐकलेले ते चार मिनिटांचे वादन गेल्या वर्षभरातले मी ऐकलेले सर्वोत्तम होते.

गृहस्थ यादीच्या मागच्या बाजूला आपल्या मते ऐकण्यासारख्या कार्यक्रमांची नावे लिहीत होते. लोक टाळ्या वाजवत आहेत हे दिसल्यावर त्यांनी बोळा काढला.

"काय झालं आत्ता?"

"काही नाही," मी म्हणालो.

याची मला आजही लाज वाटत नाही.

साडेबाराला दिवे लागले. गृहस्थांनी माझा बोळा माझ्या तळहातावर ठेवला. तो कोमट होता. मी काही बोलायच्या आत "ठेवा, ठेवा, शुक्रवारी लागेल," असे त्यांनी उदारपणे सांगितले, आणि ज्या कार्यक्रमावर काट मारली होती त्यालाच ते येणार आहेत हे मला कळले. यादी त्यांच्याकडेच राहिली होती. ती मागण्यापेक्षा नवी करावी असे ठरवून मी झपाट्याने दाराकडे निघालो.

दाराशी तोच मुलगा खुर्च्या गोळा करत होता. "काका, मिळाली का मुलं?" त्याने काळजीने विचारले. मी मनगटावरची छत्री त्याला दाखवणार, तोच पाठीमागून "अहो, थांबा, तुमचा कागद!" अशी आरोळी उभ्या सभागृहात घुमली. यादी हवेत नाचवत, वाटेतल्या दोन खुर्च्या पाडत गृहस्थ आमच्या दिशेने येत होते. मुलाने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा," तो म्हणाला, "यांना न्यायला आला होतात होय!"