इलेक्ट्रिक गाडीत वायरलेस सेट बसतो, तो मेसेज चुकीचा आहे

दापोली-गुहागरकडच्या गाडीवाल्यांमध्ये पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. इलेक्ट्रिक फोर बाय फोरमध्ये वायरलेस सेट बसवू नका, गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या 400 व्होल्टने सेट जळेल नाहीतर गाडी पेटेल, मोटरच्या खरखरीत काही ऐकू येणार नाही, गाडीची रेंज (एका चार्जमध्ये धावते ते अंतर) निम्मी होईल, आणि मोबाईल असताना सेट हवाय कशाला. लोक घाबरून बसवलेले सेट काढायला लागलेत म्हणून लिहितोय.

400 व्होल्टचं आधी. सेटचा त्याच्याशी संबंधच येत नाही. दिवे, वायपर, हॉर्न चालवायला या गाड्यांत वेगळी 12 व्होल्टची बॅटरी असते आणि डिझेल गाडीत अल्टरनेटर करतो ते काम इथे मोठ्या बॅटरीचे व्होल्ट 12 वर उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. मोठ्या बॅटरीच्या केबल केशरी असतात, त्यांना हात लावायचा नाही, एवढं पाळलं की झालं. (टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये 12 च्या जागी 48 व्होल्ट आहेत, तिथे मध्ये कन्व्हर्टर लागतो, म्हणून आधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा.) लाल वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, आणि काळी वायर बॉडीच्या अर्थ बोल्टला, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो मेसेजमध्ये नाहीच. एका मित्राने सेट थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडला आणि लग्नाच्या गडबडीत तीन दिवस चालू राहिला, चौथ्या दिवशी मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली आणि गाडीचं दारसुद्धा उघडेना, शेवटी चावीने दार उघडून शेजारच्या टेम्पोवरून 12 व्होल्टचा जंप दिला तेव्हा गाडी जागी झाली. नुसता ऐकत ठेवलेला सेटही अर्धा अँपिअर खातो आणि ही बॅटरी छोटी असते. म्हणून रिले (गाडीबरोबर आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाका, गाडी बंद झाली की सेट बंद.

खरखरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओ काढला, कारण इन्व्हर्टरचा (बॅटरीचा करंट मोटरला चालेल असा करणारा भाग) गोंगाट मीडियम वेव्हवर जोरात येतो, 27 मेगाहर्ट्झच्या सीबीवरही (सामान्य लोकांच्या बोलण्याचा बँड) थोडा जाणवतो. पण आपण बोलतो ते 144 ते 146 मेगाहर्ट्झवर, तेही एफएममध्ये, तिथे तो फार कमी होतो. मी स्वतः स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) उघडा ठेवून आंबा घाट उतरलोय, रीजन (वेग कमी करताना मोटर उलट बॅटरी भरते ते) चालू असताना बारीक सूं सूं होती, आणि मोठी खरखर येत होती ती सॉकेटमधल्या स्वस्त मोबाईल चार्जरची! तो उपटला आणि आवाज स्वच्छ. अँटेनाची केबल केशरी केबलींपासून लांबून न्या, पॉवरच्या वायरवर फेराईट (गोंगाट अडवणारा मणी) लावा.

छत काचेचं असेल तर अँटेनाचा मॅग्नेट चिकटत नाही, मग बॉनेटच्या कडेला ब्रॅकेट लावून अर्थ नीट द्या. आणि आपल्याकडची खारी हवा विसरू नका, मी मागच्या पावसानंतर कनेक्टर उघडला तर आत तांब्यावर हिरवा थर. आगोटीआधी ग्रीस आणि सेल्फ-फ्युजिंग टेप लावलीच पाहिजे.

रेंजचा हिशोब सरळ आहे. 50 वॉटचा सेट बोलताना साधारण 140 वॉट घेतो, ऐकताना 7. दिवसभरात दहा तास ऐकलं आणि अर्धा तास बोललात तर 140 वॉट-तास, म्हणजे 60 युनिटच्या बॅटरीतून पाव टक्काही नाही, फार तर एक किलोमीटर.

आणि मोबाईल? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात लाईट गेली, टॉवर गेले, बाजूच्या वाडीतलं माणूस सुखरूप आहे की नाही ते चालत जाऊन बघावं लागलं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हाही फोन लागत नव्हते. सेटसुद्धा डोंगराआड जात नाही हे खरंय, पण कातळसड्यावर गाडी उभी केली की खालच्या खाडीपट्ट्यापर्यंत बोलता येतं, मध्ये टॉवर लागत नाही.

एक मात्र ऐका, 144 वर बोलायला हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स लागतं, परीक्षा द्यावी लागते, ऑनलाईन मागवलेला सेट तसाच चालू करायचा नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या बँडला किती वॉट चालतात ते दिलेलं असेल तर तेही बघा. ज्यांनी तो मेसेज वाचून सेट काढलेत त्यांनी परत बसवताना मला बोलवा, रविवारी येतो मल्टीमीटर घेऊन.