मोबाइल बाजूला ठेवणं म्हणजे नियमशास्त्र का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नागपूरजवळच्या बुटीबोरीहून लिहिणाऱ्या भाऊंना प्रभूत सलाम.

बायबलवाचन आणि प्रार्थनेसाठी वेळ कसा राखावा, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. पहिला असा की, वाचनाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, क्रिकेट-मालिकांचा वेळ कापा, असं सांगणं म्हणजे कृपेने तारण मिळालेल्यांच्या मानेवर पुन्हा नियमशास्त्राचं, म्हणजे मोशेच्या नियमांचं, जू ठेवणं. दुसरा, दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला पहाटेची शांत वेळ कुठून मिळणार? दुसऱ्यात दम आहे. पहिला मला पटत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा क्रम बघा. ख्रिस्ताने एकदाच अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला, हे दहाव्या अध्यायात येतं. धीराने धावा, हे बाराव्यात. धावून काही मिळवायचं असतं तर क्रम उलटा असता. प्रेषित पौलही १ करिंथ १५:१० मध्ये म्हणतो की, मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने. आणि लगेच सांगतो, इतर सर्वांपेक्षा जास्त श्रम मी केले, तरी ते मी नाही, कृपेनेच. कृपा आणि मेहनत यांचं भांडण आपण लावलंय. हां, मोबाइल दूर ठेवला म्हणून देव आज माझ्यावर जास्त खूश, असं वाटू लागलं किंवा शेजारच्या बाकावरचा किती वेळ ऑनलाइन होता हे मोजू लागलो, तर तुमचा इशारा शंभर टक्के लागू.

इब्री १२:१ मध्ये भार आणि पाप वेगवेगळे सांगितलेत. पापाचा पश्चात्ताप करायचा. भार नुसता खाली ठेवायचा. क्रिकेट पाप नाही, म्हणूनच ते सोडणं जास्त अवघड. त्याच्याविरुद्ध वचन सापडत नाही! तपासायचं एवढंच की, त्यानंतर प्रार्थनेला बसणं सोपं जातं की जड. आणि काही भार तर थेट चर्चच्या मंडळीतलेच असतात: गायनाचा सराव, कमिटी, ग्रुपवर रोज ढकललेली वचनं. मिसरच्या वाळवंटातला इवाग्रियस (मृत्यू ३९९) साधूंच्या कंटाळ्याला दुपारचं भूत म्हणायचा. साधारण दहा ते दोन या वेळात सूर्य जागचा हलत नाही, साधू खिडकीतून डोकावतो, मग ती जागाच नकोशी होते, सोबतच्या भावांत प्रेम उरलं नाही असं वाटतं. मे महिन्यातल्या नागपूरकराला हे वेगळं समजावायला नको. पुढे साधू जॉन कॅसियनने नोंदवलं की हाच कंटाळा आजाऱ्यांच्या भेटीला जा, असंही सुचवतो. म्हणजे चांगलं कामही पळवाट होऊ शकतं.

आता पाळीचं. घड्याळाला बांधलेली वेळ पाळी बदलली की मोडते, म्हणून ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. घरी आलात, हातपाय धुतले, की जेवणाआधी दहा मिनिटं. पाळी कोणतीही असो, हा क्रम तसाच राहतो. बायबल छापील घ्या. ॲपमध्ये वचन आणि नोटिफिकेशन एकाच पडद्यावर येतात. मोबाइल आधीच बंद करून ठेवा, घर एका खोलीचं असेल तर पिशवीत घालून दाराजवळ टांगा. समोर वाजणाऱ्या मोबाइलकडे न बघण्याची लढाई थकलेला माणूस हरतोच, तेव्हा ती होऊच देऊ नये. शेजारी कागदाचा तुकडा असावा. सिलिंडर, शाळेची फी, जे आठवेल ते एका शब्दात लिहायचं आणि ज्या ओळीवर होतो तिथे परत यायचं. मन भरकटलं म्हणून स्वतःवर चिडत बसणं हेही भरकटणंच.

वर्षभरात अख्खं बायबल, ही योजना सध्या नको. १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनहून जास्त. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० होईतो जानेवारी संपत येतो, लेवीय सुरू होतं आणि पुष्कळांची गाडी तिथेच अडते. खरा घोळ थकबाकीचा असतो. तीन दिवस चुकले की दहा अध्याय साचतात, आणि ती थकबाकीच भार होते. चुकलेलं सोडून द्या, आजचं वाचा. मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय रोज अर्धा अध्याय घेतले तरी महिन्याभरात होतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार हाती पडलेले कवी ना. वा. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशीच थबकले होते. मत्तयाचे तीनच अध्याय ते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला.

रात्रपाळीहून आल्यावर डोळे मिटत असतील तर खुशाल झोपा. थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी खायला दिलं, झोपू दिलं (१ राजे १९). त्या आठवड्यापुरती स्तोत्रं १२० ते १३४ घ्या. १३२ वं सोडलं तर एकातही नऊपेक्षा जास्त ओव्या नाहीत, आणि परमेश्वराच्या घरात रात्री उभं राहणाऱ्यांसाठी असलेलं १३४ वं तर तीनच ओव्यांचं आहे. डबा उघडण्याआधी वाचून होतं.