मांसाहार घटतो आहे, आणि तोही जागृतीमुळे?

‘जगभर लोक जागृत झाल्याने मांसाहार घटत चालला आहे, जी थोडीफार वाढ दिसते ती निव्वळ लोकसंख्येची’, अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. त्यातील एकही विधान आकड्यांपुढे टिकत नाही.

घटीचा दावा सर्वांत दुबळा आहे. १९६१ मध्ये जगातील मांस उत्पादन सुमारे ७ कोटी टन होते, ते आज ३५ कोटी टनांच्या आसपास पोहोचले आहे. ही वाढ लोकसंख्येच्या माथी मारताही येत नाही, कारण त्याच काळात लोकसंख्या ३०० कोटींवरून ८०० कोटींवर, म्हणजे पावणेतीन पटींहूनही कमी वाढली, तर मांस पाच पटींनी वाढले.

मग कारण कोणते? मुख्यतः हाती आलेला पैसा. चीनमध्ये १९६१ साली माणशी वर्षाला पाच किलोही मांस मिळत नव्हते. आज ते साठ किलोंच्या वर आहे. लोकांची आवड तीच होती, ऐपत बदलली. दुसरे कारण उतरलेल्या किमतीचे. अमेरिकेत १९२५ च्या सुमारास सव्वा किलोच्या आतली कोंबडी तयार व्हायला सोळा आठवडे लागत. आता सात आठवड्यांत ती तीन किलोंच्या जवळ जाते आणि किलोभर वजनासाठी तिला दोन किलोंहूनही कमी खाद्य लागते. त्याच देशात गोमांसाचा दरडोई खप १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर उतरला खरा, पण त्याची जागा प्रामुख्याने चिकनने घेतली. फक्त गोमांसाचा आलेख पाहणाऱ्याला त्यात जागृती दिसली, तर नवल नाही.

एखाद्या वर्षाच्या घटीवरून निष्कर्ष काढणे तर अधिकच धोक्याचे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाच्या साथीमुळे २०१९ मध्ये चीनचे डुकराच्या मांसाचे उत्पादन सुमारे एक पंचमांशाने कोसळले आणि २०२१ पर्यंत बहुतांशी भरून निघाले. मते बदलली नव्हती, डुकरे मेली होती.

खरी घट कुठेच नाही, असे मात्र नव्हे. जर्मनीत माणशी खप २०१८ मधील सुमारे ६१ किलोंवरून २०२२ मध्ये ५२ किलोंच्या आसपास आला, आणि तेथे आरोग्य, पर्यावरण व प्राण्यांविषयीच्या विचारांचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही २०२२ हे तेथे तीव्र महागाईचे वर्ष होते. ताटातले मांस विचाराने किती कमी झाले आणि बिल पाहून किती, हे नुसत्या खपाच्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.